सामन्यांचा पैसा गावात किती राहतो?

भाताची झोडणी उरकली आणि खळी मोकळी झाली की आपल्या रायगडच्या किनारपट्टीवर सामन्यांचा हंगाम सुरू होतो. रेवस-मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करीत थेट श्रीवर्धनपर्यंत गावोगावच्या वेशीवर कमानी उभ्या राहतात. भव्य कबड्डी सामन्यांचे फलक झळकतात. लाल माती आणून, पाणी मारून, चोपून मैदान तयार होते. त्यावर चुन्याच्या रेषा पडतात आणि दिव्यांच्या प्रकाशात पहाटेपर्यंत खेळ चालतो. पुढे उन्हाळ्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेटची त्यात भर पडते. पहिला पाऊस पडेपर्यंत हा उत्साह ओसरत नाही.

बक्षीस समारंभात व्यासपीठावरील पाहुणे एक गोष्ट हमखास सांगतात. ह्या सामन्यांमुळे गावात लाखो रुपयांची उलाढाल झाली, गावाच्या अर्थव्यवस्थेला चालना मिळाली, असे ते म्हणतात आणि टाळ्या पडतात. टाळ्या वाजवायला कोणाचीच हरकत नसावी. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या वाक्यापाशी थोडे थांबावेच लागते. उलाढाल म्हणजे उत्पन्न का? गावात आलेला पैसा आणि गावात राहिलेला पैसा एकच का? ज्या घरांनी दोनशे-पाचशे रुपयांची पावती फाडली, त्यांच्या पदरात शेवटी काय पडले? खेळाच्या आनंदाविषयी शंका घ्यावी असा हेतू नाही. पण ज्या कारणासाठी वर्गणी मागितली जाते त्या कारणाचा हिशेब मांडून पाहणे हे आपले कामच आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे.

परदेशातील एक धडा

महाविद्यालयीन सामन्यांचा आर्थिक परिणाम हा विषय ज्या देशात सर्वांत बारकाईने अभ्यासला गेला, तो देश म्हणजे अमेरिका. तेथील फुटबॉल आपल्या ओळखीचा नाही. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ तो हातातच असतो. १८६९ साली न्यू जर्सीतील रटगर्स आणि प्रिन्स्टन ह्या दोन महाविद्यालयांत पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, तेव्हापासून हा खेळ तेथील विद्यार्थिजीवनाचा भाग बनला. आज मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडागारात एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात; आणि ते विद्यापीठ ज्या ॲन आर्बर शहरात आहे त्या शहराची लोकसंख्या आहे सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे सामन्याच्या दिवशी जवळजवळ दुसरे शहरच तेथे येऊन बसते! हॉटेले भरतात, रस्ते तुंबतात, खाद्यपदार्थांच्या दुकानांसमोर रांगा लागतात. हे दृश्य पाहिल्यावर शहर श्रीमंत होत असणार, असे कोणालाही वाटेल.

पण रॉबर्ट बाडे, रॉबर्ट बाउमन आणि व्हिक्टर मॅथसन ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी दृश्यावर विसंबून न राहता आकडे तपासले. १९७० ते २००४ ह्या काळातील, मोठे महाविद्यालयीन फुटबॉल संघ असलेल्या ६३ शहरी विभागांची आकडेवारी त्यांनी घेतली. घरच्या मैदानावर सामने अधिक झाले, संघ अधिक वेळा जिंकला, एवढेच नव्हे तर राष्ट्रीय विजेता ठरला, तरी त्या शहराच्या रोजगारात किंवा लोकांच्या उत्पन्नात डोळ्यांत भरेल असा फरक पडलेला दिसला नाही, असा त्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. त्यानंतर त्यांनीच फ्लोरिडातील टॅलाहासी आणि गेन्सव्हिल ह्या दोन विद्यापीठनगरांतील विक्रीकराचे महिनेवार आकडे पाहिले. तेथे बास्केटबॉलच्या सामन्यांचा परिणाम आढळला नाही. फुटबॉलच्या एका सामन्यामागे करपात्र विक्री वीस ते तीस लाख डॉलरनी वाढल्याचे मात्र आढळले. वाढ झाली, पण ती बेताचीच.

ह्या अभ्यासाची पद्धत आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सामन्याच्या दिवशी मैदानावर उभे राहून गर्दी मोजायची नाही. सामने असलेले महिने आणि सामने नसलेले महिने शेजारी ठेवून सगळ्या गावाची कमाई ताडून पाहायची. गर्दी डोळ्यांना दिसते, परंतु त्या गर्दीमुळे जे घडले नाही ते दिसत नाही. हिशेबात दोन्हींना जागा हवी.

तीन चाळण्या

एवढी गर्दी होऊनही शहराच्या हाती थोडेच का लागते? ह्याचे उत्तर समजण्यासाठी सामन्याचा पैसा तीन चाळण्यांतून चाळावा लागतो.

पहिली चाळण नव्या पैशाची. गावातल्याच माणसाने सामन्याच्या रात्री चाळीस रुपयांची भजी खाल्ली, तर गावात चाळीस रुपये नव्याने आले असे होत नाही. ते त्याच्या खिशात होतेच. त्या रात्री भजीवर गेले म्हणून दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या हॉटेलात गेले नाहीत, इतकेच. ह्या खिशातून त्या खिशात पैसा फिरला. गाव होते तेथेच राहिले. गावाबाहेरचा माणूस येऊन जे खर्चतो तेवढीच खरी आवक होय.

दुसरी चाळण हकालपट्टीची. जागा मर्यादित असेल तर नवा पाहुणा जुन्या पाहुण्याला बाहेर ढकलतो. डिसेंबर अखेरीस अलिबाग-नागावच्या घरगुती निवासातल्या खोल्या मुंबई-पुण्याच्या पर्यटकांनी अगोदरच भरलेल्या असतात. त्याच आठवड्यात स्पर्धा ठेवली आणि एका खोलीत पर्यटकाऐवजी खेळाडू उतरला, तर खोलीवाल्याला भाडे एकाचेच मिळाले. अमेरिकेतील शहरांतही हेच घडते. सामन्याच्या दिवशी नेहमीचे गिऱ्हाईक गर्दीला भिऊन त्या बाजूला फिरकत नाही.

तिसरी चाळण गळतीची. आलेला पैसा गावात किती काळ टिकतो, हा तिचा प्रश्न. दादाभाई नौरोजींनी देशाबाहेर वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, तो आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. प्रमाण अगदी लहान असले तरी गावालाही असाच ओढा असतो. मंडपवाला तालुक्याचा, ध्वनिवर्धक शहरातला, चषक मुंबईचे आणि टी-शर्ट आणखी कुठले. मग पैसा गावात येतो तो पाहुण्यासारखा. चहा घेतो आणि निघतो.

ह्या गळतीवरच गुणकाचे सारे गणित अवलंबून असते. कान यांनी १९३१ साली मांडलेला आणि केन्स यांनी १९३६ च्या ग्रंथात रुजवलेला गुणकाचा सिद्धांत आपल्याला अभ्यासक्रमात असतो. परंतु तो परीक्षेपुरताच आहे अशी आपली समजूत असते. तो गावाला लावून पाहू. चहावालीला शंभर रुपये मिळाले. त्यांतले वीस रुपये तिने गावातच, समजा शेजारच्या मळ्यातील भाजीसाठी, दिले आणि उरलेले गावाबाहेरच्या वस्तूंवर गेले. भाजीवाल्याने त्या वीसातले चार गावात खर्चले. असे होत होत शंभराचे शेवटी सव्वाशे होतात. आता प्रत्येक हाती शंभरातले साठ रुपये गावातच खर्च होत असतील, तर त्याच शंभराचे अडीचशे होतात. मोठ्या शहरात पुष्कळ वस्तू शहरातच होतात, म्हणून तेथील गुणक मोठा. खेड्यात बहुतेक वस्तू बाहेरून येतात, म्हणून खेड्यातला गुणक लहान. शहराचा गुणक उचलून गावाच्या सामन्याला लावणे म्हणजे होडीला गलबताचे शीड बांधण्यासारखे आहे.

एका कल्पित गावाचा जमाखर्च

तत्त्व सांगून मन भरत नाही, म्हणून एक हिशेब मांडू. पुढील आकडे कोणत्याही एका गावाचे नाहीत. रीत समजावी म्हणून ते धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावाचे आकडे घालून पाहावेत.

समजा, किनाऱ्यावरील एका गावाने दोन रात्रींचे कबड्डी सामने भरवले आणि त्यावर दोन लाख रुपये खर्च झाले. ही रक्कम उभी राहिली ती अशी: गावातील घरांची वर्गणी ८०,०००, गावच्या मुंबईकर मंडळींनी पाठवलेले ४०,०००, पुढारी, व्यापारी इत्यादी बाहेरच्या देणगीदारांकडून ६०,०००, आणि बाहेरगावच्या संघांची प्रवेश फी २०,०००. म्हणजे गावाबाहेरून १,२०,००० रुपये आले. आवक चांगलीच म्हणायची.

आता जावक पाहू. रोख बक्षिसे ७०,०००; ती बहुधा बाहेरचेच संघ घेऊन जातात, कारण गावोगाव फिरणारे नामांकित संघ तेवढ्यासाठीच येतात. मंडप, दिवे, ध्वनिवर्धक व जनरेटर ५०,०००. चषक, टी-शर्ट आणि छपाई ३०,०००. पंचांचे मानधन व प्रवास १५,०००. पाहुण्यांचे चहापाणी व जेवण २०,०००; त्यांतील निम्मा माल गावातला, निम्मा बाहेरचा. माती, मैदान आणि मजुरी १५,०००; ही मात्र सारी गावात राहिली. एकंदर दोन लाखांपैकी गावात राहिले २५,००० आणि बाहेर गेले १,७५,०००. आले एक लाख वीस हजार, गेले एक लाख पंचाहत्तर हजार. तूट पंचावन्न हजारांची.

पण प्रेक्षकांनी खर्चलेला पैसा अजून धरायचा आहे. समजा, मिनीडोर आणि टेम्पो भरभरून एक हजार माणसे आजूबाजूच्या गावांतून आली आणि प्रत्येकाने साठ रुपये खर्च केले. हे झाले ६०,०००. त्यांतल्या निम्म्या गाड्या बाहेरच्या फिरत्या विक्रेत्यांच्या. म्हणून गावकऱ्यांच्या हाती आले ३०,०००. त्यातून पाव, बटाटे, तेल, गॅस ह्या बाहेरून आणलेल्या मालाचे १८,००० वजा करा. उरले १२,०००. तूट पंचावन्नावरून त्रेचाळीस हजारांवर आली, पण ती तूटच.

व्यासपीठावरून सांगितलेली उलाढाल खोटी नव्हती. दोन लाखांचा खर्च आणि वर साठ हजारांची विक्री ही उलाढाल खरीच आहे. पण त्याच दोन रात्रींत गाव त्रेचाळीस हजारांनी रिकामे झाले. हा भार कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. पगारदाराच्या घराला वर्गणी जाणवत नाही. ज्याच्या जाळ्यात त्या वर्षी मासळीच लागली नाही, त्याला ती जाणवते. आणि पावतीपुस्तक दोघांच्याही दारात एकाच उत्साहाने येते.

आता त्याच हिशेबात दोनच बदल करू. बक्षिसांची रक्कम सत्तरवरून चाळीस हजारांवर आणली. गाड्या लावण्याचा हक्क फक्त गावातल्या बचत गटांना दिला, आणि त्यांनी पाव-बटाट्यांबरोबर नारळपाणी, ताडगोळे, तळलेली मासळी, हंगाम असल्यास पोपटी असे गावचे पदार्थ ठेवले. मग साठ हजारांची सगळी विक्री गावाची होते, आणि माल बराचसा घरचा असल्याने त्यांतले समजा ३६,००० गावात राहतात. बाहेर जाणारी रक्कम १,४५,००० झाली. आवक १,२०,००० होतीच. पंचवीस हजारांची तूट आणि छत्तीस हजारांची कमाई. शिल्लक अकरा हजार. खेळ तोच, मैदान तेच आणि माणसेही तीच. फक्त पैशाच्या वाटा बदलल्या. दीड हजार देणाऱ्या गाडीवाल्याला नाही म्हणणे आणि मोठ्या बक्षिसाचा मान सोडणे, एवढी मात्र त्याची किंमत आहे. बक्षीस कमी केल्यावर नामांकित संघ येतील का, त्यांच्यावाचून गर्दी जमेल का, हा प्रश्नही प्रत्येक गावाने आपल्यापुरता सोडवायचा आहे.

मोठे सामने आणि जवळचा किनारा

कोणी म्हणेल, गावचे सामने लहान म्हणून असे होते. मोठे सामने आणले की चित्र पालटेल. ह्याचाही पडताळा आपल्याला जवळच घेता येतो. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे नेरूळला डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागार आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेचे सामने तेथे झाले. २५ ऑक्टोबर रोजी स्पेन आणि माली यांच्यात उपांत्य सामना तेथेच झाला. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या जागतिक क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना, ज्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला हरवले, तोही त्याच मैदानावर झाला. अभिमानाचेच प्रसंग हे. पण आपल्या तीन चाळण्या येथे लावल्या तर काय दिसते? प्रेक्षक मुख्यतः मुंबई-ठाणे-पनवेलचेच. त्यांनी तिकिटावर खर्चलेला पैसा एरवीही ह्याच परिसरात कुठेतरी खर्च झाला असता. प्रक्षेपणाचे हक्क आणि जाहिराती यांचे उत्पन्न स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांकडे जाते. सामने मोठे झाले की आवक वाढते हे खरे, पण त्याबरोबर गळतीही वाढते.

फुटबॉलचे वेड असलेले आपले कोल्हापूर घ्या. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा लोटतात. त्या खेळाची परंपरा, ईर्ष्या आणि आनंद यांना तोड नाही. पण गर्दी कोल्हापूरकरांचीच असल्याने पहिल्या चाळणीत बहुतेक पैसा जुनाच ठरतो. शहराला त्यातून मिळते ते धनापेक्षा वेगळे काहीतरी. आणि ते तसे म्हणण्यात कमीपणा नाही.

बंदीने शिकवलेले अर्थशास्त्र

आपल्या किनाऱ्यावरील आणखी एक खेळ ह्या विषयावर फार चांगला प्रकाश टाकतो. अलिबाग तालुक्यातल्या पुळणीवर होणाऱ्या बैलगाडी शर्यती सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण न्यायालयात अडकले. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जनावरांचा छळ होऊ नये हा त्यातला मूळ प्रश्न. तो गंभीर आहे आणि तो येथे बाजूला ठेवू.

आर्थिक दृष्टीने पाहिले तर ह्या साडेसात वर्षांत एक प्रयोगच झाला. खेळ काढून घेतल्यावर काय बुडते, ते त्यातून दिसले. शर्यतीच्या दिवशी भेळ-सरबत विकणारा दुसऱ्या जत्रेला गेला. प्रेक्षकाने आपले पैसे आणखी कशावर तरी खर्च केले. बैलमालकांची राज्यभरची मुख्य तक्रार निराळीच होती. शर्यतीच्या बैलांना किंमत उरली नाही, ही ती तक्रार. शर्यत एका दिवसाची, पण तिच्यासाठी बैल वर्षभर पोसावा लागतो. वैरण, पेंड, नाल मारणारा, गाडी बांधणारा सुतार असा वर्षभराचा व्यवहार तिच्यामागे उभा असतो. खरा धक्का ह्या व्यवहाराला बसला. ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येते. खेळाचे अर्थकारण सामन्याच्या दिवसात शोधले तर थोडेच सापडते. ते उरलेल्या वर्षात शोधावे लागते.

जमाखर्चात न येणाऱ्या बाबी

मग कबड्डीचे उरलेले वर्ष कोठे असते? ते असते खेळाडूच्या आयुष्यात. येथे आपल्या वहीत दोन नोंदी राहून गेल्या आहेत; एक जमेची आणि एक खर्चाची.

जमेची नोंद नोकरीची आहे. कोकणातला तरुण पोटासाठी मुंबईला गेला आणि लालबाग-परळच्या चाळींतून त्याने कबड्डी जोपासली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, देना बँक, महिंद्र अशा संस्थांनी आपापले संघ उभारले आणि चांगल्या चढाईपटूला, चांगल्या पकडीला कायमची नोकरी मिळू लागली. त्या काळाचा बराचसा भाग आता मागे पडला. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खाजगी मालकीची झाली. पण २००५ साली राज्य शासनाने गुणवत्ताप्राप्त खेळाडूंसाठी शासकीय सेवेत पाच टक्के जागा राखल्या. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत पुरुषांची आणि २०१० साली ग्वांगझूला महिलांची कबड्डी आली. २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली. वाट अरुंद असली तरी ती आहे, आणि ती गावच्या लाल मातीतून सुरू होते.

समजा, गावातल्या एका मुलीला किंवा मुलाला खेळामुळे नोकरी लागली आणि ती व्यक्ती दरमहा पाच हजार रुपये घरी पाठवू लागली. पंचवीस वर्षांत ही रक्कम पंधरा लाख होते. सामन्याच्या अकरा हजारांच्या शिल्लकेशी तिची तुलना करा! अर्थात पहिली चाळण येथेही लावली पाहिजे. खेळ नसता तर त्या व्यक्तीला दुसरी नोकरी मिळाली असती का? मिळाली असती, तर दोन्ही पगारांतला फरकच काय तो खेळाच्या खात्यावर जमा करावा. शिवाय अशा एका मुलामागे वर्षानुवर्षे खेळूनही नोकरी न लागलेली पुष्कळ मुले असतात, हेही विसरता येत नाही.

खर्चाची नोंद आहे ती दुखापतीची. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला की शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्या घराच्या माथी येते. सामन्याच्या वहीत डॉक्टरचे नाव नसते. ज्या घराने वर्गणीही दिली आणि मुलगाही दिला, त्या घराला त्या रात्रीचा खर्च सर्वांत जास्त आला. बक्षिसातून वाचलेल्या तीस हजारांतून खेळाडूंचा अपघात विमा उतरवला, तर गावाची शिल्लक तेवढ्याने कमी होईल. पण तो पैसा वाया गेला असे कोण म्हणेल? मैदान करणाऱ्या, रात्र जागवणाऱ्या, पन्नास माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या बायाबापड्यांचे श्रमही असेच वहीबाहेर राहतात. मोल दिले नाही म्हणून श्रम फुकटचे ठरत नाहीत. दुसऱ्या कामाला लागले असते तर त्यांतून जे मिळाले असते, ते अर्थशास्त्राच्या भाषेत त्यांचा वैकल्पिक खर्च होय.

महाविद्यालयाने काय करावे?

येथवर आल्यावर आपल्या महाविद्यालयाचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा पहिल्या सत्रात, पावसाळ्याच्या सुमारास होतात. किनाऱ्यावर तेव्हा पर्यटकांची वर्दळ कमी, खोल्या रिकाम्या, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीची ओढ अजून पुरती न सरलेली. दुसरी चाळण लावली तर ह्या दिवसांत बाहेरून आलेला संघ कोणालाही हुसकून लावत नाही. तो खरोखरीच नवा पाहुणा ठरतो. आकडा लहान असेल. वीस-पंचवीस संघ दोन दिवस राहिले, जेवले, मिनीडोरने फिरले, एवढेच. पण हंगामातल्या मोठ्या गर्दीपेक्षा आडहंगामातली ही छोटी गर्दी गावाच्या अधिक कामाची असू शकते. सामने भरवण्याची संधी आली तर मैदानाबरोबर हाही मुद्दा विचारात घ्यावा. खेळाडूंच्या जेवणाचे काम मोठ्या ठेकेदाराऐवजी जवळच्या बचत गटांना द्यावे. बंदीच्या दिवसांत त्या घरांना त्याचा आधार वाटेल.

दुसरी सूचना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. परगावच्या अभ्यासकांनी ६३ शहरांचे आकडे तपासले. आपण निदान आपल्या सहा गावांचे तपासू. सामन्याच्या रात्री चार-चार विद्यार्थ्यांनी प्रेक्षकांना तीनच प्रश्न विचारावेत: कोठून आलात, किती खर्च केलात, आणि सामने नसते तर आज हे पैसे कशावर खर्च झाले असते? गाडीवाल्याला विचारावे की माल कोठून आणला. मंडळाकडे जमाखर्चाची वही मागावी. आणि महिनाभराने पुन्हा जाऊन नाक्यावरच्या दुकानदाराला विचारावे की त्या आठवड्यात त्याचा धंदा वाढला की बसला. ह्याला मोठे अनुदान लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि रात्रीचे जागरण पुरे. जागरण तर आपण एरवीही करतोच!

कोणी विचारील, खेळाला असा तराजू लावणे अरसिकपणाचे नाही का? आमच्या मते नाही. खेळ खेळासाठी असावा, हे कोणीही मान्य करील. तसे असेल तर वर्गणी मागताना तसेच सांगावे: सामने भरवायचे आहेत, आनंद करायचा आहे, माहेरवाशिणी आणि चाकरमानी ह्या निमित्ताने गावात येतील, तुम्हीही यथाशक्ती द्या. ह्या प्रामाणिक मागणीला आपला गावकरी कधी नाही म्हणत नाही. पण गावाच्या उत्कर्षाचे कारण पुढे केले, की हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक पावतीधारकाला मिळतो. तो हिशेब चोख मांडून सामन्यांनंतरच्या पहिल्या रविवारी देवळात वाचून दाखवावा. आले किती, गेले किती, राहिले किती, आणि पुढल्या वर्षी गावात अधिक कसे राहील. एवढे झाले तर पुढच्या पावतीपुस्तकाची पाने भरायला दारोदार दोनदा हिंडावे लागणार नाही.